विद्येतील खंड आणि परतीची वाट
(सोलापूर येथे विद्यार्थी व पालक यांच्या सभेत केलेले भाषण)



आजवर आपल्या सभांतून शिक्षणाविषयी पुष्कळ बोलले गेले आहे. मुलांना शाळेत घाला, मुलींना शाळेत घाला, शिष्यवृत्तीचे अर्ज वेळेवर भरा, वसतिगृहे काढा, हे आपण वर्षानुवर्षे सांगत आलो व त्याचे फळही आपणांस मिळाले. ज्या घरात पूर्वी कोणास सही करता येत नव्हती, त्या घरातील मुलगी आज रसायनशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेऊन बाहेर पडते. परंतु ह्या यशाच्या पोटात एक दुःख वाढत आहे आणि त्याविषयी आपण बोलत नाही. ही मुलगी पुढे कोठे जाते? प्रयोगशाळेत रमलेली, संशोधनासाठी नाव नोंदविलेली मुलगी लग्न, बाळंतपण, सासऱ्याचे आजारपण, नवऱ्याची बदली ह्या कारणांनी एकदा घरी बसली की पुन्हा प्रयोगशाळेचे दार तिच्यासाठी उघडते काय? आणि घरी पैसा नाही म्हणून संशोधन सोडून नोकरीला लागलेला मुलगा, पाच वर्षांनी हाती थोडे पैसे आले तर, पुन्हा त्या दारी जाऊ शकतो काय?

ह्या प्रश्नावर आज मी बोलणार आहे. मी शास्त्रज्ञ नव्हे. मी ह्या शहरातील न्यायालयात वकिली करणारा एक मनुष्य आहे. परंतु ज्यांचे दार बंद झाले अशी माणसे अखेर वकिलाकडे येतात, आणि त्यांच्यामुळेच हा विषय मला शिकावा लागला.

प्रथम एक उदाहरण घेऊ. त्यासाठी दूर जावयास नको. विद्येत पडलेला खंड आणि त्यानंतरचे पुनरागमन ह्यांचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्या घराघरांतील भिंतीवर आहे. मात्र त्याकडे आपण ह्या दृष्टीने कधी पाहिले नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे १९१६ साली अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठातून लंडनला गेले. तेथे अर्थशास्त्राच्या उच्च पदवीसाठी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये त्यांनी प्रवेश घेतला. एक वर्ष होते न होते तोच बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली, आणि १९१७ च्या ऑगस्टमध्ये त्यांना अभ्यास अर्धवट टाकून हिंदुस्थानात परतावे लागले. ज्या जहाजाने त्यांचे ग्रंथ येत होते ते युद्धात बुडाले. बडोद्यात नोकरी मिळाली, पण राहावयास घर मिळाले नाही. मुंबईस येऊन त्यांनी शिकवण्या केल्या, गुंतवणुकीविषयी सल्ला देण्याचा व्यवसाय करून पाहिला, आणि १९१८ च्या नोव्हेंबरात सिडनहॅम महाविद्यालयात ते प्राध्यापक झाले. जवळजवळ तीन वर्षे त्यांचे संशोधन थांबले होते.

हा खंड कशाने मिटला? ही गोष्ट आपण नीट तपासली पाहिजे, कारण तिच्यात आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. पहिली गोष्ट, निघण्यापूर्वी त्यांनी प्रा. एडविन कॅनन ह्यांच्या शिफारशीने विद्यापीठाकडून परवानगी मिळविली होती की, १९१७ च्या ऑक्टोबरपासून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालू करता येईल. म्हणजे दार बंद होण्यापूर्वीच त्यांनी त्यात पाय ठेवला होता. दुसरी गोष्ट, पगारातून त्यांनी काटकसरीने पैसा साठविला. तिसरी गोष्ट, नवल भथेना ह्या मित्राने पाच हजार रुपये कर्जाऊ दिले व कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनीही मदत केली. चौथी गोष्ट, मुंबईच्या चाळीत रमाबाईंनी संसाराचा सगळा भार एकटीने उचलला. ह्या चार आधारांवर १९२० च्या जुलैमध्ये बाबासाहेब पुन्हा लंडनला गेले. १९२१ मध्ये त्यांनी एम. एस्सी. पदवी मिळविली, १९२२ मध्ये ते बॅरिस्टर झाले, आणि रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधास १९२३ मध्ये डी. एस्सी. ही पदवी मिळाली.

लेखी परवानगी, पैसा, पाठीशी उभा राहणारा माणूस, आणि घरचा भार उचलणारे हात, अशा ह्या चार गोष्टी आहेत. ह्यांतील एक जरी नसती तरी तो प्रबंध झाला असता किंवा नाही, हे सांगता येत नाही. बाबासाहेबांची बुद्धी असामान्य होती हे खरे. परंतु केवळ बुद्धीवर खंड मिटत नाही, हेही त्यांच्याच चरित्रावरून सिद्ध होते. मग सामान्य बुद्धीच्या माणसाला तर ह्या चारही गोष्टी अधिकच हव्यात.

दुसरे उदाहरण एका स्त्रीचे घेतो. गणितज्ञ मंगला नारळीकर ह्यांचे नाव मराठी वाचकांस ठाऊक आहे. १९४३ साली जन्मलेल्या ह्या बाईंनी १९६४ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या एम. ए. परीक्षेत गणितात पहिला क्रमांक व सुवर्णपदक मिळविले आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेत संशोधनास आरंभ केला. विवाहानंतर पतीबरोबर त्या केंब्रिजला गेल्या. तेथे त्यांनी अध्यापन केले, मुली झाल्या, संसार आला. भारतात परतल्यावर १९७४ पासून त्या पुन्हा त्याच संस्थेत काम करू लागल्या आणि १९८१ मध्ये संख्याशास्त्रातील नव्हे, तर अंकसिद्धान्तातील संशोधनासाठी त्यांना पीएच. डी. मिळाली. पदव्युत्तर पदवीपासून पीएच. डी.पर्यंत सतरा वर्षे! त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे की, त्यांच्या पिढीतील सुशिक्षित स्त्रियांनी घर नेहमी आधी ठेवले. २०२३ मध्ये त्या निवर्तल्या. आता विचार करा. मुंबईतील नामांकित संस्था, विद्वान पती, सुसंस्कृत घर हे सर्व असूनही जिला सतरा वर्षे लागली, तिच्या जागी गिरणीकामगाराची मुलगी असती तर काय झाले असते?

ही मुलगी मी पाहिली आहे. तिचे नाव मी सांगणार नाही, कारण ते सांगण्याचा अधिकार तिचा आहे. तिचे वडील ह्याच सोलापुरात गिरणीत मागावर होते; गिरणी बंद पडल्यावर त्यांनी मिळेल ते काम केले आणि मुलीला शिकविले. तिने रसायनशास्त्रात पदव्युत्तर पदवी घेतली आणि २०१७ च्या जानेवारीत एका विद्यापीठात पीएच. डी.साठी नाव नोंदविले. विषयही आपल्या मातीतला. कापड रंगविल्यावर जे रंगीत पाणी नाल्यात सोडले जाते, त्यातील रंग डाळिंबाच्या सालीपासून केलेल्या कोळशाने कितपत शोषला जातो, हे तिला पाहावयाचे होते. ज्या जिल्ह्यात डाळिंबही पिकते आणि कापडही रंगविले जाते, तेथे ह्याहून उपयोगी विषय कोणता? दोन वर्षे काम चांगले झाले. मग लग्न, मग मूल, मग सासऱ्यांना अर्धांगवायू, आणि २०२० मध्ये महामारी. प्रयोगशाळाच बंद. त्यानंतर मार्गदर्शक निवृत्त झाले. २०२३ च्या मार्चमध्ये तिच्या हाती एक पत्र पडले. सहा वर्षांची मुदत संपली, सबब आपली नोंदणी रद्द समजावी, एवढाच त्यातील मजकूर.

ती वडिलांना घेऊन माझ्याकडे आली. येथे मला माझी चूक कबूल केली पाहिजे. मी पत्र वाचले आणि म्हणालो, "ताई, मुदत संपली म्हणजे संपली. आता बी. एड. करा, शाळेत नोकरी पाहा." ती काही बोलली नाही. वडील मात्र म्हणाले, "वकीलसाहेब, आमची गिरणी बंद पडली तवा बी सगळे हेच म्हणाले, दुसरं काम बघा. बघितलं. पर हिचं काम तिला येतं की हो. येणारं काम का सोडायचं?" मी त्यावर काहीतरी उत्तर दिले आणि त्यांना वाटेस लावले.

पंधरा दिवसांनी ती एकटी परत आली. तिच्या हाती विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या नियमावलीची छापील प्रत होती, आणि एका परिच्छेदाखाली पेन्सिलीने रेघ ओढलेली होती. तो परिच्छेद मी वाचला तेव्हा मला लाज वाटली. त्यात लिहिले होते की, पीएच. डी.ची कमाल मुदत सहा वर्षे, परंतु स्त्री-उमेदवारांना दोन वर्षांची सवलत देता येईल. शिवाय प्रसूती वा बालसंगोपनासाठी एकूण २४० दिवसांपर्यंतची रजा देता येईल. जो नियम वकिलाने शोधावयाचा तो अशिलाने शोधून आणला होता.

"देता येईल" ह्या शब्दांकडे आपण लक्ष द्यावे. कचेरीतील मनुष्य म्हणतो, देता येईल म्हणजे द्यावीच असे नाही. शब्दशः ते खरे आहे. परंतु कायद्याच्या दृष्टीने ज्याच्या हाती निर्णयाचा अधिकार आहे, त्याने तो विचारपूर्वक वापरावा लागतो. सवलत नाकारावयाची असेल तर अर्ज पाहून, उमेदवाराचे म्हणणे ऐकून, कारणे देऊन नाकारावी लागते. सवलतीचा विचारच न करता नोंदणी रद्द करणे म्हणजे अधिकार वापरणे नव्हे. ती अधिकाराकडे पाठ फिरविणे होय. आम्ही हाच मुद्दा मांडला. न्यायालयात जावेच लागले नाही. एक सविस्तर अर्ज, सोबत मुलाचा जन्मदाखला, सासऱ्यांच्या उपचाराचे कागद, पूर्वीच्या प्रगतीचे अहवाल, आणि नव्या मार्गदर्शकाचे संमतिपत्र. उत्तर आले नाही म्हणून माहितीच्या अधिकाराखाली दुसरा अर्ज. चार महिन्यांनी सवलत मंजूर झाल्याचे पत्र आले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये तिने प्रबंध सादर केला.

ह्या प्रकरणातून मी जे शिकलो ते आता क्रमाने सांगतो.

खंड पडल्यावर नेमके काय हरवते? लोक समजतात की ज्ञान हरवते. ते तितकेसे खरे नाही. पायाभूत ज्ञान सहसा विसरले जात नाही. चार-सहा महिन्यांच्या वाचनाने ते उजळते. हरवतात त्या दुसऱ्याच गोष्टी. पहिली, संस्थेचे नाव. ज्याला कोठल्याही संस्थेचा आधार नाही त्याला ना ग्रंथालय मिळते, ना उपकरणे. दुसरी, शिफारस करणारा माणूस. मार्गदर्शक निवृत्त होतो, सहाध्यायी विखुरतात. तिसरी, हाताचा सराव. नवी उपकरणे येतात, संगणकाच्या रीती बदलतात. चौथी, वय, अर्जातील वयाचा रकाना आपल्या पुढे धावतो. आणि पाचवी, स्वतःवरील विश्वास. ही पाचवी गोष्ट सर्वांत शेवटी परत येते. म्हणून परतीची मदत म्हणजे केवळ पैसा नव्हे. पैसा, संस्था, मार्गदर्शक, पुनःप्रशिक्षण आणि वयाची सवलत ही पाचही अंगे तीत असली पाहिजेत.

इतर देशांनी हा विचार केला आहे. इंग्लंडमध्ये डॅफ्नी जॅक्सन नावाच्या विदुषी होत्या. त्या देशातील भौतिकशास्त्राच्या पहिल्या स्त्री-प्राध्यापक. शिकलेल्या शास्त्रज्ञ स्त्रिया मुलांसाठी घरी बसल्यावर पुढे मिळेल ते किरकोळ काम करतात, हे पाहून त्यांनी १९८५ मध्ये परतणाऱ्यांसाठी पाठ्यवृत्ती सुरू केली. तिची रचना मार्मिक आहे. काम अर्धवेळ, मुदत साधारणपणे दोन वर्षे, विद्यापीठात प्रत्यक्ष संशोधन आणि सोबत नव्याने प्रशिक्षण. अर्धवेळ हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण ज्या कारणाने बाई घरी बसली ते कारण एका दिवसात नाहीसे होत नाही.

आपल्या देशात काय झाले? १९५८ साली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने परदेशातून परतणाऱ्या शास्त्रज्ञांसाठी एक योजना काढली. परतलेल्या विद्वानाला कायम जागा मिळेपर्यंत त्याला तात्पुरते काम व वेतन मिळावे, हा तिचा हेतू. हेतू उत्तमच होता. विलायतेहून परतणाऱ्याला आधार हवा, हे देशाने १९५८ मध्ये ओळखले. स्वयंपाकघरातून परतणारीला आधार हवा, हे ओळखावयास २००२-०३ साल उजाडावे लागले! त्या वर्षी केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने महिला शास्त्रज्ञ योजना सुरू केली. तिचे तीन भाग होते. पहिला विज्ञानातील संशोधनासाठी, दुसरा समाजोपयोगी तंत्रज्ञानासाठी आणि तिसरा पेटंट व बौद्धिक संपदा ह्यांच्या प्रशिक्षणासाठी. २०१४ मध्ये ह्या विभागाच्या स्त्रियांसाठीच्या योजना 'किरण' ह्या नावाखाली एकत्र आल्या व आता त्यांस 'वाइज-किरण' म्हणतात, तीत पीएच. डी.साठी, पीएच. डी.नंतरच्या संशोधनासाठी आणि बौद्धिक संपदेच्या प्रशिक्षणासाठी निरनिराळे भाग आहेत. जैवतंत्रज्ञान विभागानेही २०११ मध्ये 'बायोकेअर' नावाची योजना स्त्री-शास्त्रज्ञांसाठी आणली.

ह्यांपैकी पेटंटच्या प्रशिक्षणाविषयी मी वकील म्हणून विशेष सांगतो. १९७० च्या पेटंट कायद्याच्या कलम १२६ अन्वये पेटंट एजंट म्हणून नाव नोंदविण्यास विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञान ह्यांतील पदवी लागते व ठरलेली परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. माझ्यापाशी कला शाखेची आणि कायद्याची पदवी आहे; अंगावर काळा कोट आहे; तरीही मी पेटंट एजंट होऊ शकत नाही. परंतु घरी बसलेली एखादी अभियंता किंवा रसायनशास्त्राची पदवीधर भगिनी होऊ शकते! ह्या योजनेतून एक वर्षाचे शिक्षण घेऊन अनेक स्त्रियांनी ही परीक्षा उत्तीर्ण केली आहे. ह्या कामाचा मोठा भाग घरून, संगणकावर, करता येतो. सोलापुरी चादरीला भौगोलिक उपदर्शनाची नोंदणी मिळालेली आहे. डाळिंबावरील राष्ट्रीय संशोधन केंद्र येथे केगावला आहे. येथे विद्यापीठ आहे, अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. तेव्हा बौद्धिक संपदेचे काम म्हणजे मुंबई-दिल्लीचेच काम, असे समजण्याचे कारण नाही.

आता कायद्याने दिलेले इतर आधार पाहू. घटनेच्या अनुच्छेद १५ मधील तिसऱ्या खंडाने स्त्रियांसाठी खास तरतूद करण्याची मुभा राज्यास दिली. अनुच्छेद ४२ ने प्रसूती-साहाय्याची तरतूद करण्यास सांगितले. ह्यामागे जुना इतिहास आहे. १९२८ साली मुंबई विधिमंडळात गिरण्या-कारखान्यांतील स्त्रियांना प्रसूतीच्या काळात साहाय्य देणाऱ्या विधेयकाला बाबासाहेबांनी पाठिंबा दिला. मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे असून त्याचा बराच भार सरकारने सोसावा, अशी त्यांची भूमिका होती. १९६१ च्या कायद्याने हा हक्क देशभर विस्तारला. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर नेली आणि पन्नास वा अधिक नोकर असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय बंधनकारक केली. पुढे ह्या तरतुदी २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घेण्यात आल्या. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डॉ. कविता यादव ह्यांच्या प्रकरणी असा निर्णय दिला की, करारावरील नोकरीची मुदत मध्येच संपली तरी प्रसूतीचा लाभ त्यामुळे संपत नाही. ज्या भगिनी प्रकल्पावर कराराने काम करतात त्यांनी हा निर्णय ध्यानी ठेवावा.

आणि पीएच. डी.च्या मुदतीचा नियम? २०१६ ची नियमावली जाऊन २०२२ ची आली. तीतही कमाल मुदत सहा वर्षे आहे. पुनर्नोंदणीने दोन वर्षे वाढू शकतात. स्त्रियांना व चाळीस टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना आणखी दोन वर्षे मिळू शकतात, मात्र एकूण मुदत दहा वर्षांपलीकडे जाऊ नये. आणि २४० दिवसांची रजा कायम आहे. हे आकडे पाठ करा. कचेरीतील खिडकीवरचा मनुष्य ते आपणहून सांगेल, असे गृहीत धरू नका.

येथवर जे आहे ते सांगितले. आता जे नाही ते सांगतो, कारण आपली खरी मागणी तेथेच आहे.

ह्या योजनांनी खंडाचे एकच कारण डोळ्यांपुढे ठेवलेले दिसते, ते म्हणजे स्त्रीचा संसार. ते कारण खरे आहे व त्यासाठीची मदत टिकलीच पाहिजे. परंतु आपल्या समाजात खंडाचे दुसरे मोठे कारण दारिद्र्य आहे. शिष्यवृत्ती लांबली म्हणून, धाकट्या भावाची फी भरावयाची म्हणून, बाप आजारी पडला म्हणून आमची मुले संशोधन सोडतात आणि मिळेल त्या नोकरीला चिकटतात. १९१७ साली बाबासाहेबांना परतावे लागले ते ह्याच कारणाने. ज्या योजना स्त्रियांसाठीच आहेत त्यांत असा मुलगा बसत नाही, आणि स्त्री असेल तर तिलाही "मध्यंतरी आपण नोकरी करीत होता, मग खंड कोठला?" हा प्रश्न ऐकावा लागतो. बँकेच्या खिडकीमागे बसून घर चालविणे हा विद्येच्या दृष्टीने खंड नव्हे काय?

दुसरे, वयाचा हिशेब पाहा. राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून मिळणाऱ्या कनिष्ठ संशोधन पाठ्यवृत्तीला वयाची अट आहे. अनुसूचित जाती-जमातींना पाच वर्षांची सवलत आहे, स्त्रियांनाही पाच वर्षांची आहे. मग जी अनुसूचित जातीची आहे आणि स्त्रीही आहे तिला किती? दहा नव्हे, पाचच! सर्व कारणे मिळून सवलत पाच वर्षांपलीकडे जाणार नाही, असा नियम आहे. म्हणजे जिच्या पायात दोन बेड्या, तिची एकच मोजली जाते. सहायक प्राध्यापकपदाच्या पात्रतेला वयाची अट नाही ही गोष्ट चांगली. पण पात्रतेच्या कागदाने प्रयोगशाळेतला महिना निघत नाही, त्याला पाठ्यवृत्तीच लागते. तेव्हा ज्यांच्या बाबतीत दोन्ही कारणे आहेत त्यांना दोन्हींची सवलत मिळावी, आणि दारिद्र्यामुळे पडलेला खंडही खंड म्हणून मानला जावा, ह्या दोन मागण्या आपण लेखी, वारंवार व संघटितपणे केल्या पाहिजेत. भाषणात टाळ्या घेऊन त्या मान्य होणार नाहीत.

आता ज्यांना परत जावयाचे आहे त्यांस चार शब्द. काम थांबवावे लागणारच असेल तर न सांगता थांबू नका. निघण्यापूर्वी लेखी अर्ज करा, रजा मागा, परत येण्याची मुदत लिहून घ्या; बाबासाहेबांनी लंडन सोडताना केले तेच करा. प्रयोगांच्या वह्या, प्रगतीचे अहवाल, पत्रांच्या प्रती एका पिशवीत जपून ठेवा. मार्गदर्शकाला वर्षातून दोनदा पत्र लिहा. परत येताना प्रथम यजमान संस्था व मार्गदर्शक शोधा, कारण त्यांच्या संमतीवाचून पाठ्यवृत्तीचा प्रस्ताव उभा राहत नाही. प्रस्तावात प्रश्न कोणता, तो कसा सोडविणार, किती महिन्यांत, किती खर्चात, हे साध्या भाषेत लिहा. खंडाविषयी लाजू नका. तो का पडला व त्या काळात काय वाचले, हे सरळ सांगा. आणि नकार आला तर तो तोंडी स्वीकारू नका, कारणांसह लेखी मागा. लेखी नकाराविरुद्ध दाद मागता येते. खिडकीवरच्या "नाही हो, होत नाही" ह्या शब्दांविरुद्ध कोणत्या न्यायालयात जाल?

घरातील मंडळींनाही काही सांगावयाचे आहे. बाबासाहेब परत जाऊ शकले, कारण रमाबाईंनी घर सांभाळले. ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. मग आज सून किंवा पत्नी प्रयोगशाळेत परत जाऊ पाहते, तेव्हा रमाबाईंचे काम कोणी करावयाचे? पुरुषांनी ह्या प्रश्नाचे उत्तर टाळू नये. जो पती पत्नीच्या प्रबंधाच्या शेवटच्या वर्षी सकाळी मुलाचा डबा भरतो, तो तिच्यावर उपकार करीत नाही. आपल्या समाजावर जे एक जुने ऋण आहे, त्याचा छोटासा हप्ता तो फेडीत असतो.

शेवटी आपल्या संस्थांविषयी. आपल्या विहारांतून व वाचनालयांतून पदवीधरांची एक वही ठेवावी. प्रत्येक वस्तीत विज्ञान वा अभियांत्रिकी शिकून घरी बसलेल्या भगिनी किती, संशोधन सोडून दुसऱ्या नोकरीत गेलेले तरुण किती, हे तीत लिहावे. कोणत्या योजनेचे अर्ज केव्हा निघतात हे फलकावर लावावे. दोन संगणक आणि एक शांत खोली एवढी सोय झाली तरी पुष्कळांना घरातील गलबल्यापासून दिवसाचे दोन तास मिळतील. मुलांना सांभाळण्यास दोन वयस्क बायांना थोडे मानधन देऊन बसविले तर तेच आपले पाळणाघर. ह्या वहीतील कोणासही अर्ज लिहिण्यास अडचण आली, तर रविवारी सकाळी माझ्या कचेरीत यावे. फी घेणार नाही. माझ्याकडून एकीला चुकीचा सल्ला दिला गेला होता, त्याची थोडी भरपाई म्हणून समजा.

ती भगिनी परवा भेटली. तोंडी परीक्षेची तारीख यावयाची आहे. मी तिच्या वडिलांची चौकशी केली. ती म्हणाली, "दादा आता रोज माझ्या मुलाला शाळेत सोडतात. म्हणतात, तू तुझं काम कर, हे काम मला येतं."

वाचकहो, आपल्यापैकी प्रत्येकाच्या ओळखीत अशी एक तरी मुलगी किंवा मुलगा असेल, जो कपाटात पदवी ठेवून बसला आहे. हा अंक वाचून झाल्यावर तो घडी घालून ठेवू नका. त्याच्या किंवा तिच्या हाती द्या.